डावीकडचे हजार रुपये: स्ट्रोकनंतरच्या पुनर्वसनाचं एक प्रकरण

नागपूरच्या इतवारीत मसाल्याचं दुकान, राहणं महालात. वय 58, शिक्षण दहावी, उजव्या हाताने लिहिणारे. बीपी जुनं, गोळ्या आठवण झाली तर. डिसेंबरात एका पहाटे उठले तेव्हा डावा हात-पाय लुळा पडलेला आणि तोंड वाकडं झालेलं. एमआरआयमध्ये मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात, मिडल सेरेब्रल धमनीच्या क्षेत्रात रक्तपुरवठा तुटल्याचं दिसलं. झोपेत झालेला झटका असल्यामुळे सुरुवात नेमकी कधी झाली ते कोणालाच सांगता येईना. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देतात, त्यामुळे त्याचा मार्ग बंद झाला. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पुढे त्यांना नुसतं काका म्हणते.

हातापायाच्या बाबतीत काका नशीबवान ठरले. फिजिओथेरपीने महिन्याभरात विनाआधार चालू लागले, डाव्या हाताची पकड थोडी ढिली राहिली, बोलणं स्वच्छ. नातेवाइकांनी पेढे वाटले. काका दुकानात जाऊन बसू लागले आणि आठवड्याभरात गल्ल्याचा हिशेब जुळेनासा झाला.

माझ्याकडे, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीला (रोजची कामं पुन्हा जमावीत म्हणून दिली जाणारी थेरपी), ते या हिशेबापायी आले. मुलाच्या मते बाबांची स्मरणशक्ती गेली होती. काकूंचं म्हणणं वेगळं होतं. "मॅडम, हे जेवणात चटणी ठेवली तरी विचारतात, आज चटणी काऊन नाही केली? लोणचं हातसुद्धा लावत नाहीत. डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं, नवा चष्मा केला, तरी तेच होऊन राहिलं."

काकूंच्या या वाक्यात अर्धं निदान होतं. आपल्या ताटाची डावी-उजवी ठरलेली असते: मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं डावीकडे आणि भाजी, आमटी उजवीकडे. काका उजवी बाजू चाटूनपुसून संपवत आणि डावी तशीच सोडून उठत. काकूंनी ताट गोल फिरवून ठेवलं की मग चटणीही संपायची आणि वर "आता आणली का?" हा प्रश्न.

तपासणीत काय दिसलं

दृष्टीचं क्षेत्र तपासलं तर ते पूर्ण होतं. माझं डावं बोट हललं की त्यांना दिसे आणि उजवं हललं तरी दिसे. दोन्ही बोटं एकाच वेळी हलवली की मात्र फक्त त्यांच्या उजवीकडचं दिसे. डोळे डावीकडची माहिती घेत होते, लक्ष मात्र तिकडे जात नव्हतं. आम्ही याला निग्लेक्ट म्हणतो. मेंदूचा उजवा भाग दुखावला की डाव्या बाजूचा निग्लेक्ट बऱ्याचदा दिसतो, आणि हातापायाची ताकद परत आल्यावरही तो मागे राहू शकतो. डोळ्यांच्या मार्गातल्या दोषामुळे अर्धं क्षेत्र गेलेला माणूस बऱ्याचदा हळूहळू मान वळवून बघायला शिकतो, कारण आपल्याला तिकडचं दिसत नाही हे त्याला ठाऊक असतं. निग्लेक्टवाल्याला तेच ठाऊक नसतं. त्याच्या लेखी डावीकडे काही उरलेलंच नसतं, मग वळून कशासाठी पाहायचं?

कागदावरच्या चाचण्यांतही हेच दिसलं. घड्याळाचे बाराही आकडे उजव्या अर्ध्यात कोंबले. लहान तारे खोडायच्या चाचणीत 54 पैकी 31 खोडले आणि सुटलेले बहुतेक सगळे डावीकडचे. आडव्या रेघेचा मध्य दाखवताना पेन्सिल बरीच उजवीकडे गेली. मोका या स्मरण, लक्ष, भाषा, आकृती अशा सगळ्याची झटपट पाहणी करणाऱ्या चाचणीत 30 पैकी 19 गुण मिळाले (26 च्या खाली आलं की आम्ही खोलात जातो). पण त्यातले पाच शब्द थोड्या वेळाने विचारले तेव्हा काकांनी चार सांगितले. म्हणजे मुलाला वाटत होती तशी स्मरणशक्ती गेलेली नव्हती. बरेच गुण गेले होते ते रेषा, आकृती आणि घड्याळात.

तरीही मुलाचं समाधान होईना, म्हणून एक जुना प्रयोग दुकानाच्या भाषेत केला. 1978 मध्ये बिसियाक आणि लुझात्ती या इटालियन संशोधकांनी निग्लेक्टच्या रुग्णांना मिलानच्या कॅथेड्रलसमोरचा चौक डोळ्यांपुढे आणायला सांगितला होता. एका टोकाला उभं राहून कल्पना केली तर रुग्णांनी उजवीकडच्या इमारती सांगितल्या, समोरच्या टोकाला उभं राहून केली तर आधी सुटलेल्या. मी काकांना म्हटलं, गादीवर बसून रस्त्याकडे पाहताय असं समजा आणि दुकानात काय काय कुठे आहे ते सांगा. त्यांनी धणे, जिरं, दगडफूल, खसखस सांगितलं आणि थांबले. मग म्हटलं, आता तुम्ही गिऱ्हाईक, रस्त्यावरून आत बघताय. लगेच हळदीचे कट्टे आले, भिवापुरी मिरची आली, सुंठ आली. पहिल्या यादीतला जिन्नस या खेपेला एकही नाही. मुलगा गप्प बसून ऐकत होता. गिऱ्हाइकाला पाठ फिरवून बरणी काढतील अशी ज्यांची तीस वर्षांची सवय, त्यांच्या मनातल्या दुकानालाही डावी बाजू राहिली नव्हती.

हिशेब कसा चुकत होता

याचा छडा लागायला वेळ लागला नाही. काकांना जुन्या बिलांचा गठ्ठा वाचायला दिला. 1340 ला "तीनशे चाळीस" म्हणाले, 2475 ला "चारशे पंच्याहत्तर". तीन आकडी रकमा बहुतेक बरोबर येत, कधी कधी पहिला आकडा बदलून येई. आपण आकडे डावीकडून लिहितो आणि सगळ्यात मोठी किंमत डावीकडच्या आकड्याला असते, त्यामुळे काकांच्या मेंदूतून निसटत होते ते हजार. इलेक्ट्रॉनिक काट्यावर 1.250 उमटलं की पाव किलोचे पैसे लावत. नोटा मोजण्यात, तोंडी बेरजेत चूक नव्हती. ओळखीची गिऱ्हाइकं कमी लावलेले पैसे नंतर आणून देत होती, अनोळखी अर्थातच नाही.

मुलाने तोवर एक उपाय सुरू केला होता. टॅबवर मेंदूचा व्यायाम म्हणून मिळणारे खेळ आणि सुडोकू, रोज तासभर. खेळात गुण वाढत होते, पातळ्या पार होत होत्या, मुलगा खूश. गल्ला मात्र होता तिथेच. यात मला नवल वाटलं नाही. खेळाचा सराव केला की खेळ चांगला येतो, हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. त्या सरावाचा फायदा रोजच्या कामात उतरतो, हे दाखवणं फार अवघड गेलंय. 2016 मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांचं हित पाहणारी सरकारी संस्था) ल्युमॉसिटी या खेळांच्या कंपनीवर फसव्या जाहिरातींचा ठपका ठेवला आणि कंपनीने 20 लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. टॅब फेकून द्या असं मी म्हटलं नाही. तासाचा पाव तास केला, बाकीचा वेळ मला हवा होता.

औषधांबद्दलही घरात गैरसमज होता. रक्ताची गुठळी होऊ न देणारी, बीपीची आणि कोलेस्टेरॉलची अशा तीन गोळ्या चालू होत्या, आणि "पॉवर वाढवून द्या म्हणजे डोकं चालेल" असं काकूंनी दोनदा सुचवलं. या गोळ्या पुढचा झटका टाळण्यासाठी आहेत, त्या चुकवायच्या नाहीत. लक्ष डावीकडे वळवणारी खात्रीची गोळी आज बाजारात नाही. विनाऔषध उपायांचा पुरावा तरी भक्कम आहे का? तोही नाही. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते. तिच्या 2021 च्या आढाव्यात निग्लेक्टसाठीच्या विनाऔषध उपायांच्या 65 चाचण्या एकत्र तपासल्या आणि निष्कर्ष असा निघाला की कोणत्याही एका पद्धतीने रोजच्या कामात टिकाऊ फरक पडतो असं खात्रीने म्हणता येत नाही. म्हणून मी जे करते ते मोजून करते. मोजमापाशिवाय "बरं वाटून राहिलं" या वाक्यावर थेरपी चालवू नये असं माझं ठाम मत आहे.

काय केलं

मोजायला तीन कामं निवडली: बिल वाचणं, ताट संपवणं, आणि चालताना डावा खांदा चौकटीला किंवा उभ्या गाडीला घासणं. सुनेने वहीत तीन रकाने केले. सुरुवातीचे दोन आठवडे काहीही शिकवलं नाही, फक्त नोंद ठेवली. त्यानंतर कामं एकेक करून हाती घेतली. यामागे कारण आहे. स्ट्रोकनंतर पहिल्या तीन महिन्यांत मेंदू आपणहून बराच सावरतो, त्यामुळे सुधारणेचं श्रेय थेरपीला द्यायचं की निसर्गाला, हा प्रश्न कायम असतो. शिकवलेलं काम सुधारलं आणि न शिकवलेलं तिथेच राहिलं, तर थोडंफार बोलता येतं.

पहिली अडचण मात्र काका स्वतः. "मला दिसते ना मॅडम सगळं. पोरगा उगीच बाऊ करून राहिला." स्वतःच्या दोषाची जाणीवच नसणं हा या आजाराचा भाग आहे. त्याला हेकेखोरपणा समजून घरचे भांडत बसतात. वाद घालण्याऐवजी मी त्यांना पैज लावायला लावली. वीस बिलं पुढे ठेवली, वाचायच्या आधी विचारलं, किती चुकतील? "एकही नाही." वाचून झाल्यावर रकमा मुलाने नाही, त्यांनीच पडताळायच्या, बोट ठेवून, एकेक आकडा. सात चुकल्या होत्या. काकांनी सातही चिठ्ठ्या वेगळ्या काढल्या आणि बराच वेळ पाहत राहिले. मग व्यापाऱ्याने विचारावं तसं विचारलं, "म्हणजे दिवसाचे किती गेले?" पुढच्या खेपेला अंदाज "चार-पाच" असा आला. अंदाज आणि निकाल यातलं अंतर कमी होत गेलं, तसे ते सराव मनावर घेऊ लागले.

बिलासाठी वापरलेली युक्ती जुनी आहे. न्यूयॉर्कच्या रस्क इन्स्टिट्यूटमध्ये वाइनबर्ग, डिलर आणि सहकाऱ्यांनी 1977 मध्ये डावीकडे नजर नेण्याचं पद्धतशीर प्रशिक्षण मांडलं, त्यात ओळीच्या डाव्या कडेला ठळक खूण ठेवतात. आम्ही बिलबुकाच्या डाव्या कडेला बोटभर रुंद लाल चिकटपट्टी लावली. नियम एकच: लाल दिसेपर्यंत तोंड उघडायचं नाही. डाव्या हाताचं बोट त्या लाल पट्टीवर टेकवून ठेवायचं, कारण डावा हात डाव्या बाजूला हलता ठेवला की लक्षही तिकडे ओढलं जातं, असं काही अभ्यासांत दिसलंय. शिवाय ढिल्या पकडीला तेवढंच काम. रक्कम मनात न वाचता मोठ्याने म्हणायची आणि म्हणण्याआधी आकडे किती ते मोजायचं. तीन आठवड्यांनी पट्टी अर्धी केली, नंतर लाल पेनाची रेघ, शेवटी छापील समास. खूण एकदम काढली तर सगळं मुसळ केरात, हा अनुभव आहे.

काट्याच्या बाबतीत काकांनीच मार्ग काढला. म्हणाले, तो उजवीकडे सरकवा, भानगडच नको. मी लगेच होकार दिला. सगळ्याच गोष्टी शिकून सुधारायच्या नसतात. काही ठिकाणी जग थोडं हलवलं की काम होतं. घरच्यांनी पलंग, टीव्ही, पाण्याचा तांब्या, सगळंच उजवीकडे आणून ठेवलं होतं, ते मात्र मी परत डावीकडे न्यायला लावलं. गरम चहा आणि रात्रीचा दिवा उजवीकडे, बाकी डावीकडे. काकूंनी डाव्या बाजूला बसून बोलायचं. पहिले काही दिवस काका भिंतीशी बोलल्यासारखे समोर पाहत उत्तर देत, त्यावरून घरात हसणंही झालं आणि रडणंही.

दुकानातल्या गर्दीचा प्रश्न वेगळा होता. एकटे असताना बिल बरोबर, पण फोन वाजला, दोन गिऱ्हाइकं एकदम बोलली की हजार पुन्हा गायब. लक्ष वाटून घेण्याची ताकदही कमी झाली होती. त्यासाठी कामाचे तुकडे पाडले: हातातलं बिल पूर्ण होईपर्यंत फोन उचलायचा नाही, "एक मिनिट थांबा जी" हे वाक्य तोंडात बसवायचं, पैसे घेण्याआधी एकदा थांबून "मी आता काय करतोय" असं स्वतःला विचारायचं. इतवारीतल्या व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाला थांबायला सांगणं किती जड जातं ते मला त्या महिन्यात कळलं.

वेळही पाहावी लागली. स्ट्रोकनंतरचा थकवा हा आळस नव्हे. नागपूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या आसपास जातो, दुपारी कूलरसमोर धडधाकट माणसाचं डोकं चालत नाही. सराव सकाळी नऊच्या आत, वीस-पंचवीस मिनिटांच्या दोन बैठका, मध्ये विश्रांती. दुपारी आडवं झाल्यावर आवडीचं संगीत ऐकायला सांगितलं. फिनलंडमध्ये सार्कामो आणि सहकाऱ्यांच्या 2008 च्या अभ्यासात स्ट्रोकनंतर दोन महिने रोज संगीत ऐकणाऱ्यांची शाब्दिक स्मृती आणि एकाग्रता इतरांपेक्षा जास्त सुधारली होती. अभ्यास लहान होता, पण भजनं ऐकण्यात नुकसान काय? डाव्या-उजव्याचा त्याच्याशी संबंध नाही, मन मात्र निवतं. उदासीचीही चौकशी केली होती. थोडी होती, औषधाची गरज पडली नाही.

प्रिझमचा चष्मा आम्ही वापरला नाही. रोसेत्ती आणि सहकारी संशोधकांनी 1998 मध्ये दृश्य उजवीकडे सरकवणाऱ्या भिंगांचा निग्लेक्टवर परिणाम दाखवला, तेव्हापासून त्यावर बरंच काम झालंय, निकाल मात्र संमिश्र आहेत. साधे उपाय लागू पडत असताना मला त्याची घाई वाटली नाही.

वहीतले रकाने

आधी तीनातलं एक बिल चुकत होतं. शिकवायला लागल्यावर तीन आठवड्यांत ते दहातल्या एकावर आलं. त्याच काळात चौकटीला खांदा घासण्याचा रकाना जवळजवळ तसाच राहिला. म्हणजे कागदावर डावीकडे बघायला शिकलेले काका दारातून जाताना ते शिक्षण वापरत नव्हते. सहाव्या आठवड्यापासून चालण्याचा सराव घेतला: आधी घरातल्या चौकटी, मग महालातली गल्ली, मग बाजार, दर काही पावलांनी डावीकडे मान वळवून जे दिसेल त्याचं नाव घ्यायचं. "स्कूटर, नळ, मांजर, गटार." त्यानंतर तो रकाना उतरू लागला. ताटाचा रकाना मात्र माझ्या मांडणीत बसला नाही. शिकवण्याआधीच तो अर्ध्यावर आला होता. आपणहून झालेली सुधारणा म्हणा किंवा काकूंची रोजची टोकणी.

काकूंच्या आणि सुनेच्या कामाबद्दल एक सांगायला हवं. आपल्याकडे पुनर्वसन म्हणजे घरची माणसं, थेरपिस्ट आठवड्यातून एखाद-दोनदा. पण "घरच्यांना शिकवलं की झालं" हेही खरं नाही. भारतात 14 रुग्णालयांत 1250 रुग्णांवर झालेल्या अटेंड चाचणीत (लॅन्सेट हे वैद्यकीय नियतकालिक, 2017) कुटुंबाला प्रशिक्षण देऊन घरी पुनर्वसन केलं, तरी सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन कमी झालं नाही. ती चाचणी निग्लेक्टची नव्हती. तरी मी त्यातून एवढं घेते की घरच्यांच्या हाती एक नेमकं काम द्यावं, त्याची नोंद ठेवायला लावावी आणि ती नोंद दर आठवड्याला स्वतः पाहावी. खाजगी थेरपी परवडत नसेल त्यांनी मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या, ऑक्युपेशनल थेरपी विभागात जावं. तिथेही जाताना अशी वही घेऊन गेलात तर तुमचं काम सोपं होईल.

चार महिन्यांनी मोका 24, तारे 54 पैकी 49. ताऱ्यांत 51 किंवा त्याखाली आलं की निग्लेक्ट आहे असं धरतात, म्हणजे कागदावर दोष अजून आहे. दुकानात सकाळी चुका क्वचित, संध्याकाळी सातनंतर अजूनही होतात, म्हणून त्या वेळी गल्ल्यावर मुलगा बसतो.

आणि ॲक्टिव्हा. काकांना ती हवी आहे. "हात चालते, पाय चालते, आता काय प्रॉब्लेम?" आपण रस्त्याच्या डावीकडून जातो. पायी चालणारे, गल्लीतून निघणारे ऑटो, उभ्या हातगाड्या सगळ्या डाव्या अंगाला. तिथे सुटलेली एक गोष्ट बिलातल्या हजारासारखी परत मिळत नाही. मी नकार लेखी दिला आहे आणि मुलालाही समजावलं आहे. काका माझ्यावर नाराज आहेत. सध्या ते मुलाच्या मागे बसून दुकानात जातात. ऑक्टोबरात पुन्हा तपासणी आहे. त्यात कागदावरचे तारे नाही, तर संध्याकाळच्या गर्दीत इतवारीतून पायी चालताना डावीकडचं किती सुटतं ते मोजायचं ठरलंय, आणि ते आकडे येईपर्यंत गाडीचा विषय काढायचा नाही, असं काकांनी सुनेसमोर कबूल केलंय.